बेवारशी कप्प्यातला स्वेटर

कपडा हातात आला की लाँड्रीकाकू आधी तो उजेडात धरायच्या आणि मग गिऱ्हाइकाचा उद्धार करायच्या. "हे काय? वंगण? आणि वर अक्कल चालवून गरम पाणी ओतलंत? मग आता माझ्याकडे कशाला आणलात, भिंतीवर लावा फ्रेम करून!" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि कपडा तिथेच ठेवून जायचं, कारण काकूंची जीभ कितीही तिखट असली तरी शब्द पक्का होता. डाग निघणार असेल तर निघेल म्हणायच्या, नसेल तर तोंडावर नाही म्हणायच्या. ह्या धंद्यात थापाड्यांना तोटा नाही. स्वतःच्या इस्त्रीचा चटका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा आणि 'हा डाग आधीचाच' म्हणून हात झटकायचे, हे करणारे ढीगभर. काकूंनी उभ्या आयुष्यात नसलेला डाग कुणाच्या कपड्यावर दाखवला नव्हता. ह्याचा त्यांना माज होता, आणि तो लपवायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

दुकान कसलं, गल्लीच्या तोंडाशी एक लांबट खोली. पुढे फळीचं काउंटर, मागे घोंगडी अंथरलेलं इस्त्रीचं टेबल, त्याच्या मागे दार उघडलं की फरशीचं अंगण, तिथे टब आणि वाळत घालायच्या तारा. काउंटरच्या खाली एक कप्पा होता, त्याला सगळे बेवारशी कप्पा म्हणायचे. जे कपडे कुणी न्यायला येत नाही, जे चुकून दुसऱ्याच्या गाठोड्यात येतात, ते धुऊन, घडी घालून तिथे जायचे. त्यातला कपडा न्यायचा तर ओळख सांगावी लागे. रंग सांगून भागत नसे. "निळा शर्ट काय, जगात सगळ्यांकडे असतो. बटण कसलं? अस्तर कुठे उसवलंय? ते सांगा आणि न्या."

नवरा अगदी उलट स्वभावाचा. त्याला गल्ली सायकलकाका म्हणायची. पुढे मोठी टोपली लावलेल्या सायकलवरून तो लॉजच्या चादरी न्यायचा, आणायचा, आणि दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचा. ह्या घरात एकाच माणसाला तोंड आहे, अशी गल्लीत चेष्टा चालायची. परतताना कोपऱ्यावर तो दोनदा घंटी वाजवायचा, की काकू चहाचं आधण ठेवायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. नवऱ्याची धाकटी बहीण, तिचं लग्न मोडल्यापासून, त्यांच्यापाशीच राहायची आणि इस्त्रीचं टेबल सांभाळायची.

थंडीतल्या एका पहाटे, धुकं असताना, गोदामाच्या भिंतीपाशी जो वळणाचा रस्ता आहे तिथे पावाच्या गाडीने सायकलकाकाला उडवलं. गाडी निघून गेली. बऱ्याच वेळाने रस्ता झाडणाऱ्या बाईला तो दिसला. तिने आरडाओरडा करून माणसं जमवली, दवाखान्यात नेलं, पण नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरने नणंदेला बाजूला घेऊन सांगितलं की मार मोठा होता, पण माणूस लगेच गेलेला नाही, बराच वेळ जिवंत होता. लवकर आणला असता तर कदाचित. नणंदेने ते वहिनीला सांगायला नको होतं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, तिने सांगितलं.

त्या 'बराच वेळ' ह्या दोन शब्दांनी काकूंचं जे काही केलं, ते मरणानेही केलं नव्हतं. मरण काय, येतं. पण बराच वेळ?

दवाखान्याने अंगावरचे कपडे एका पिशवीत बांधून दिले होते. पोलीस तेव्हा रस्त्यावरच्या काचा गोळा करण्यात गुंतले होते, पिशवीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुपारी घर माणसांनी भरलेलं असताना काकू उठल्या, पिशवी घेऊन अंगणात गेल्या, टब गार पाण्याने भरला, मीठ टाकलं आणि अख्खी पिशवी त्यात उलटी केली. रक्ताला गार पाणी आणि मीठ. गेली कित्येक वर्षं हात हेच करत आले होते, तो हात त्या दिवशी डोक्याला विचारायला थांबला नाही. नणंद धावत आली, "वहिनी, अहो काय करताय?" तर म्हणाल्या, "मग काय तसेच ठेवू?" पाणी लाल झालं, ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पाणी नितळ होईस्तोवर बाई उठली नाही.

पिळताना हाताला लोकर लागली. स्वेटर होता एक, हातविणीचा, गडद हिरवा, बाह्यांना वेलीसारखी नक्षी. नवऱ्याचा नव्हता. अंगावरच्या कपड्यांत दवाखान्यातलाच कुणाचा तरी मिसळला असेल, असं त्यांना वाटलं, म्हणजे वाटलं असेल, त्या दिवशी काय वाटत होतं हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्यांनी तो सपाट पसरून वाळवला, घडी घातली आणि बेवारशी कप्प्यात ठेवला. लाँड्रीत दुसऱ्याचा कपडा आला की तो तिथेच जातो.

फुटलेल्या दिव्याच्या काचेवरून गाडी सापडली, गाडीवरून ड्रायव्हर. पंचविशीतला पोरगा. त्याने गुन्हा कबूल केला. बेदरकार गाडी चालवली, माणूस मेला, कबूल. काकूंना वाटलं, संपलं, आता ह्याला सडायला पाठवतील. सरकारी वकीलबाईंनी त्यांना कोर्टाबाहेरच्या बाकावर बसवून समजावलं की संपलेलं नाही, शिक्षा किती द्यायची ते आता ठरायचंय.

"तो म्हणतो, मला कळलंच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "धुकं होतं, गाडीला हिसका बसला, खड्डा असेल असं वाटलं, पुढे गेलो. आपलं म्हणणं आहे की तो उतरला, त्याने माणूस जिवंत पाहिला आणि तसाच टाकून गेला. हे शाबीत झालं तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाईल. नाही झालं तर तीनच्या आसपास."

"उतरलाच असणार. माणूस आणि खड्डा कळत नाही होय त्याला?"

"असणार म्हणून चालत नाही, काकू. शिक्षा वाढवणारी गोष्ट असेल तर न्यायाधीशांची पुरती खात्री पटावी लागते. शंकेला जागाच उरता कामा नये."

"आणि कमी करणारी असेल तर?"

"तर इतकं लागत नाही. खरं असण्याचा संभव जास्त आहे, एवढं वाटलं तरी पुरतं. त्याचा वकील म्हणतोय की मालकाने त्याला सलग दोन पाळ्या लावल्या होत्या, झोप नव्हती. मालक धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. पण ते बहुतेक धरलं जाईल."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! म्हणजे त्याच्या झोपेला 'असेल बुवा' चालतं, आणि माझ्या नवऱ्याला 'आहेच' पाहिजे? एकाच दुकानात दोन काटे? माझ्याकडे असं केलं असतं तर गिऱ्हाइकांनी फळी मोडून टाकली असती!"

"त्याचं आयुष्य जास्तीचं कापायचंय ना, म्हणून," वकीलबाई म्हणाल्या. "चुकून कापलं तर परत जोडता येत नाही."

"आमचं कापलंय त्याचं काय?" काकू म्हणाल्या. वकीलबाईंनी फाईल मिटली, उत्तर असल्याचा आव आणला नाही, हे एक बरं केलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई खाली मान घालून विणत बसली होती. शिपाई वकीलबाईंच्या कानात कुजबुजला, ते काकूंनाही ऐकू आलं, की ती त्या ड्रायव्हरची आई. काकूंनी आधी तिच्याकडे नुसतं खाऊ की गिळू असं बघून घेतलं. मग त्यांची नजर तिच्या सुयांवर गेली. तपकिरी लोकर होती, लहान बाह्या होत्या, कुणा लेकराच्या असतील. बाह्यांवर वेल चढत होती.

काकूंनी ती वेल ओळखली. रोज काउंटरखाली वाकताना दिसत होती ती. कागदावरून उतरवलेली नक्षी सगळ्यांची एकसारखी असते. ही तशी नव्हती. प्रत्येक तिसरं पान उलट्या अंगाला वळलेलं, हे कुणाच्या तरी स्वतःच्या हाताचं वळण होतं. क्षणभर त्यांना कळेना की ओरडावं की त्या बाईच्या झिंज्या धराव्यात. मग डोकं चाललं. स्वेटर नवऱ्याच्या कपड्यांत होता. स्वेटर ह्या बाईच्या हातचा होता. म्हणजे तो उतरला होता! त्या मेल्याने स्वतःच्या अंगातला स्वेटर काढला होता!

वकीलबाईंना त्यांनी दंडाला धरून ओढत जिन्याखाली नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. वकीलबाईंचे डोळे चमकले. "स्वेटर कुठाय?"

"दुकानात. कप्प्यात."

"हात लावू नका. पोलीस येतील. रक्त असेल, केस असतील..." आणि त्या बोलता बोलता थांबल्या, कारण काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"धुतलाय," काकू म्हणाल्या.

पोलिसांनी स्वेटर नेला, तपासणीला पाठवला. उत्तर आलं, साबणाखेरीज काहीही नाही. ना रक्त, ना केस, ना माती. काकूंनी तो अहवाल ऐकला आणि घरी येऊन स्वतःच्या तोंडात मारून घेतली, एकदा नाही, नणंदेने हात धरेपर्यंत. जगात दुसऱ्या कुठल्याही बाईने ती पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली असती. रडली असती, उराशी धरली असती, पण धुतली नसती. हिने धुतली! आणि इतकी चांगली धुतली की सरकारच्या यंत्रालाही काही सापडू नये!

सुनावणीच्या आधी नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही सांगा ना की छातीवर मोठा डाग होता म्हणून. धुण्याआधी बघितला म्हणून. खोटं तरी कुठे आहे? असणारच होता. तिथे दुसरं कोण होतं बघायला?"

काकूंनी मनात ठरवून टाकलं. सांगायचं. चांगला तळहाताएवढा सांगायचा, डाव्या अंगाला. त्या पोराने माझ्या माणसाला रस्त्यावर टाकलं, मी एक वाक्य टाकायला काय हरकत आहे? ते वाक्य त्यांनी इस्त्री करता करता पाठसुद्धा केलं.

कोर्टात आधी रस्ता झाडणारी बाई आली. ती म्हणाली, डोक्याखाली काहीतरी होतं खरं, काळपट, मला वाटलं त्याच्याच टोपलीतलं असेल. धुक्यात कोण बघतंय. मग काकू उभ्या राहिल्या. कठड्यापलीकडे तो पोरगा बसला होता, खाली बघत, नखं कुरतडत. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की शेजारच्या पोलिसाने अंग चोरलं.

त्याचा वकील गोड बोलणारा होता. "काकू, तुमचं काम नावाजलेलं आहे. कपडा पाण्यात टाकण्याआधी तुम्ही प्रत्येक डाग बघता म्हणे?"

"बघते. न बघता टाकणारी मी नव्हे."

"मग हा स्वेटर टाकण्याआधी त्यावर कुठे डाग होता, ते सांगा."

हीच ती वेळ होती. वाक्य जिभेवर तयार होतं, तळहाताएवढा, डाव्या अंगाला. काकूंनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो टब आला, आणि उलटी केलेली पिशवी, आणि एकदम लाल झालेलं पाणी. स्वेटर त्यांनी कोरडा बघितलाच नव्हता. नसलेला म्हणा, न बघितलेला म्हणा, असा डाग दाखवायला जीभ वळेना. "त्या दिवशी नाही बघितलं," त्या म्हणाल्या. "सगळे एकदम टाकले. पाणी लाल झालं. कुठल्या कपड्याने झालं, सांगता येत नाही."

वकिलाने थँक्यू म्हटलं आणि बसला. नणंदेने कपाळावर हात मारला.

"त्याच्या आईला विचारा!" काकू तिथूनच ओरडल्या. "तिच्या हातचा आहे, तिला दाखवा!" न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं, पण वकीलबाईंनी ती मागणी उचलून धरली. आईला बोलावलं. नकार द्यायची मुभा आहे, हेही तिला सांगितलं. ती बाई आली, शपथ घेतली आणि स्वेटर हातात घेतला.

काकू तिच्या बोटांकडे बघत होत्या. बाईचा चेहरा दगडासारखा होता, पण बोटं थेट डाव्या बाहीकडे गेली, मनगटाची कड अंगठ्याने उलटवली आणि लगेच सोडली. अनोळखी कपड्यात बोटं अशी जात नाहीत. चाचपडतात.

"हा तुम्ही विणलाय का?"

"नाही."

"नीट बघून सांगा."

"बघितलं. माझ्या हातचा नाही." हे म्हणताना तिने न्यायाधीशांकडे बघितलं नाही, मुलाकडेही नाही. काकूंकडे बघितलं. काकूंना वाटलं, आत्ता उठावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, अहो, बोटं बघा तिची! पण बोटांचा पुरावा कोण धरतो?

निकाल वाचताना न्यायाधीश सावकाश बोलले. आरोपीला झोप नव्हती ही गोष्ट खरी असण्याचा संभव अधिक आहे, म्हणून ती त्याच्या बाजूने धरतो. स्वेटर आरोपीचा असू शकेल. कदाचित असेलही. परंतु तो गाडीतून उतरला, त्याने जखमी माणूस जिवंत पाहिला आणि सोडून गेला, ह्याबद्दल माझी निःशंक खात्री होत नाही, आणि ती झाल्याखेरीज त्या कारणावरून शिक्षेत एक दिवसही वाढवता येणार नाही. तीन वर्षं.

"असेलही म्हणालात ना!" काकू उभ्या राहून ओरडल्या. "आत्ता म्हणालात, असेलही!"

"बसा," न्यायाधीश म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि ह्याचाच काकूंना जास्त संताप आला.

स्वेटर आरोपीचा ठरला नाही, म्हणून ज्यांनी हजर केला त्यांना परत द्यावा, असा हुकूम निघाला. शिपायाने तो पिशवीत घालून काकूंच्या हातात दिला. काकू घरी आल्या. कप्प्याकडे गेल्याच नाहीत. दुकानाच्या पुढच्या दांडीवर, जिथे इस्त्री केलेले कोट लटकतात, तिथे अगदी कडेला, रस्त्यावरून दिसेल असा त्यांनी तो स्वेटर हँगरला अडकवला. विणलेला कपडा टांगायचा नसतो, खांदे ओघळतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मुद्दाम टांगला. एक चिठ्ठी टाचली, 'ज्याचा असेल त्याने ओळख सांगून न्यावा.'

त्या पोराची आई बाजाराला त्याच रस्त्याने जायची. पहिल्या दिवशी ती दुकानासमोर आली, वर बघितलं आणि पाय अडखळला. दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या कडेने जायला लागली. काकूंचं तोंड पलीकडच्या कडेपर्यंत सहज पोचत होतं. ती दिसली की त्या समोरच्या गिऱ्हाइकाला मोठ्यांदा सांगायच्या, "तो? तो बेवारशी आहे हो! कुणी टाकून गेलंय. आई पण आपला म्हणेना, आता बोला!" गिऱ्हाइकं आधी हसायची. मग गल्लीत कुणकुण पसरली आणि हसायची बंद झाली.

सकाळी फळी उघडली की पहिलं काम स्वेटर बाहेर काढायचं, संध्याकाळी शेवटचं काम तो आत घ्यायचं. कोपऱ्यावर आता घंटी वाजत नव्हती, चहा कधी ठेवायचा हे काकूंना कळायचं नाही, पण ती बाई कधी जाणार हे बरोबर कळायचं. महिने गेले, पाऊस येऊन गेला. स्वेटरचे खांदे खाली आले, बाह्या लांबल्या.

"वहिनी, पुरे करा आता," नणंद एकदा म्हणाली. "त्याच्याकडे बघवत नाही. आणि तिच्याकडेही."

"तुझा सख्खा भाऊ होता ना?"

"होता. म्हणून तर म्हणते. त्याने हे असं केलं असतं का?"

"तो बोलायचाच नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून सगळं मला करावं लागतं." आणि फाडकन पाणी शिंपडून त्यांनी इस्त्री अशी दाबली की वाफेने दोघींची तोंडं झाकली.

थंडी पुन्हा सुरू झाली. एका दुपारी गल्ली रिकामी असताना ती बाई पलीकडच्या कडेवरून सरळ रस्ता ओलांडून आली आणि काउंटरसमोर उभी राहिली. वर्षभरात म्हातारी झाली होती. हातात पिशवी नव्हती, काही नव्हतं.

"स्वेटर द्या," ती म्हणाली.

काकूंनी इस्त्री बाजूला उभी केली. ह्या घटकेसाठी त्यांनी काय काय बोलून ठेवलं होतं! पण बाहेर आलं ते रोजचंच. "ओळख सांगा."

"हिरवा..."

"रंग मला दिसतोय. ओळख सांगा."

बाईने हात वर करून डाव्या बाहीची कड उलटवली आणि ती उन्हाकडे धरली. "लोकर संपली होती. शेवटच्या चार ओळी दुसऱ्या गुंड्याच्या आहेत. बघा, जरा फिकट आहे. दुकानदार म्हणाला, तोच रंग. नव्हता." काकूंनी वाकून बघितलं. कोर्टातल्या दिव्याखाली हे कुणालाच दिसलं नसतं. उन्हात चक्क दिसत होतं.

"अजून," काकू म्हणाल्या.

"अजून काय?"

"माझ्याकडे कसा आला, ते सांगा. कुणाचा आहे आणि कसा आला. नाहीतर दांडीला आहे तो राहू दे."

बाईने मागे वळून गल्लीत बघितलं. कुणी नव्हतं. नणंद आत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती.

"घरी आला तेव्हा अंगात नुसता शर्ट होता," ती म्हणाली. "कुडकुडत होता. मी विचारलं, स्वेटर कुठाय. म्हणाला, त्या माणसाच्या डोक्याखाली ठेवला. रस्ता गार होता म्हणून." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "जिवंत होता, म्हणाला. डोळे उघडे होते. मी म्हटलं, जा परत, कुणाला तरी बोलव. तो म्हणाला, भीती वाटते. मग मी... मी दाराला कडी घातली. बाई, कडी मी घातली."

काकूंनी काउंटरची फळी घट्ट धरली. झालं. हेच हवं होतं, ह्याच्यासाठी वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता. तो उतरला होता, त्याने बघितलं होतं, डोळे उघडे होते. शंकेला तिळाएवढी जागा उरली नव्हती. आणि आता ऐकायला कोर्ट नव्हतं.

"हे तिथे का नाही बोललात?"

"आई आहे मी त्याची."

"आणि मी कोण होते?"

बाईने दांडीवरच्या बाहीला हात लावला. म्हणाली, "तुरुंगात गार असतं फार. भेटायला गेले होते. खोकतो. त्यांनी सांगितलं, घरचा एक गरम कपडा देता येईल. दुसरा विणायला बसले, तर हात चालत नाहीत. द्या तो. पाया पडते."

काकूंनी दांडीवरून स्वेटर काढला. नणंदेला वाटलं, आता त्या तो फाडतात की काय. त्यांनी तो टेबलावर पसरला, लांबलेल्या बाह्या सारख्या केल्या, ओघळलेल्या खांद्यांवर ओलं फडकं ठेवून वाफ दिली आणि ते हाताने दाबून दाबून जागेवर आणले. गिऱ्हाइकाचा कपडा द्यायचा तसा त्याची घडी घातली, कागदात बांधला, दोरा आवळला. बाई दोन्ही हात पुढे करून उभी होती. काकूंनी पुडकं तिच्या हातात ठेवलं, पण स्वतःचा हात सोडला नाही.

"त्याला सांगा, मी धुतलाय."

"सांगते."

"सांगा, गार पाण्यात, मीठ घालून, माझ्या हाताने रक्त काढलंय."

"सांगते," बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"आणि सांगा की सगळं निघालं नाही. एक डाग राहिलाय."

बाईने दचकून पुडक्याकडे बघितलं. "कुठे?"

"त्याला म्हणावं, शोध. नीट बघितलं की दिसेल त्याला." आणि काकूंनी हात सोडला.

बाई पुडकं छातीशी धरून गेली. कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच ती थांबली, कागदाची कड वर करून तिने आत बघितलं आणि पुन्हा चालायला लागली. काकू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

नणंद बाहेर आली. "वहिनी, इतके दिवस तो दांडीला होता, मी रोज बघत होते. कुठे राहिलाय डाग?"

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढचा शर्ट उचलून उजेडात धरला.